पंचफुलामावशीचे हायकू

आमच्या वाचनालयाच्या फाइलीत पंचफुलामावशीबद्दल जे लिहून ठेवलंय ते धादांत खोटं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझा राग अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. त्यातला बराचसा राग माझा माझ्यावरच आहे. तेही सांगणार आहे, लपवणार नाही.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पुसेगावहून आठ किलोमीटर आत आलं की आमचं गाव लागतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी लोक माझ्याकडे आणून टाकतात आणि मी त्यांच्यात नवी तार भरून देतो. दुकानाच्या बरोबर समोर गावचं सार्वजनिक वाचनालय. दोन खोल्या, तीन कपाटं, बाराशे पुस्तकं आणि कोनाड्याजवळ एक माठ. अध्यक्ष सोनाजीराव, आणि ग्रंथपाल त्यांचाच पुतण्या शिवशंकर. हा ग्रंथपाल राहतो हिंगोलीला आणि गावात उगवतो आठवड्यातून एकदा, तोही चहापुरता. रोज सकाळी कुलूप उघडायचं, झाडायचं, माठ भरायचा, पेपर टेबलावर लावून ठेवायचे आणि तासाभरानं पुन्हा कुलूप घालायचं, हे सगळं करायची पंचफुलामावशी.

मावशी बौद्धवाड्यातली, पन्नाशी ओलांडलेली. नवरा जाऊन सहा-सात वर्षं झाली, मुलगी हिंगोलीला दिलेली. शिक्षण सातवी. उंचीनं बेताची, आवाज मोठा आणि नजर अशी की झाडताना टाचणीसुद्धा सुटायची नाही. वाचनालयात सात वर्षं काम केलं, पण ती सभासद नव्हती. एकदा तिनं शिवशंकरला विचारलंही होतं. तो म्हणाला, "तुला काहून सभासद व्हायचंय? तू तर इथंच असतीस." त्याला वाटलं आपण मोठा विनोद केला. हे ऐकून मीही हसलो होतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मधल्या कपाटाला वाळवी लागली. मावशीनं एकटीनं सगळी पुस्तकं बाहेर काढली, उन्हात घातली, कपाटाच्या फळ्यांना रॉकेल फासलं. त्या वेळी मागच्या फळीआडून एक पातळसं पुस्तक खाली पडलं. कव्हर वाळवीनं खाल्लेलं, लिहिणाऱ्याचं नाव गेलेलं, नुसता वाचनालयाचा शिक्का शाबूत. आतल्या पानावर छापलेलं होतं, जपानी हायकू, मराठी अनुवाद.

ते घेऊन ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

"हरीशभाऊ, हायकू म्हंजे काय हो?"

मी बी.ए.ला होतो हिंगोलीच्या कॉलेजात, म्हणून गावातले असले प्रश्न माझ्याकडे येतात. मला काही ठाऊक नव्हतं. पण माहीत नाही म्हणायची सवय नव्हती.

"गाणं असेल जपानी लोकांचं. वाचा बरं एखादं."

तिनं उभ्या उभ्या वाचलं.

सगळ्या छत्र्या विकून
म्हातारा घरी निघाला
भिजत

मी पुढच्या ओळीची वाट पाहिली. म्हटलं, "पुढचं पान फाटलंय. पुढं काय झालं ते वाळवीनं खाल्लं."

"न्हाई हो. सगळीकडं तीनच वळी हायेत. म्या मोजून पाह्यलं."

"तीन ओळीत काय कळणार, मावशी?"

"म्हातारा घरी गेला की. आनखी काय पायजे?" एवढं बोलून ती हसली. हसतच परत गेली आणि खराटा घेऊन अंगण झाडायला लागली. मधेच थांबून पुन्हा हसली. मी तारेचे वेढे मोजत होतो, मोजणी चुकली. कॉइल उलगडून पुन्हा पहिल्यापासून भरावी लागली, म्हणून मला तिचा रागच आला.

तिचं असं झालं होतं की वाचायला तिला एकच तास मिळायचा आणि त्या तासात झाडू, पाणी, पेपर सगळं. जाड्या कादंबऱ्या तिनं उघडून पाहिल्या होत्या. दोन पानं झाली की कुलूप लावायची वेळ. पुस्तक घरी न्यायची सोय नाही, कारण सभासद नाही. दुसऱ्या दिवशी कालचं धड आठवायचं नाही. हे पुस्तक मात्र तिच्यासाठीच कुणीतरी लिहून पाठवल्यासारखं निघालं. एक वाचायचं, पुस्तक बाजूला ठेवायचं, झाडायला लागायचं. ती म्हणायची, "वाचताना जेवडं कळत न्हाई ना, तेवडं झाडताना कळतंय."

मग हे रोजचंच झालं. सकाळी कुलूप लावून जाताना मावशी माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायची आणि त्या दिवसाचं एक म्हणून दाखवायची. पुस्तक आणायची नाही, पाठच असायचं.

चहा थंड झाला
पाहुणा अजून
पूल ओलांडतो आहे

"घरातून पूल दिसत असंल बगा त्याला," ती म्हणायची. "पाहुना म्हातारा असंल. न्हाईतर पुलाला एवडा येळ कशाला लागतो? आन हा चहा पुन्ना गरम करणार हाय, पर पाहुन्याला सांगणार न्हाई." त्यात हे काहीच लिहिलेलं नव्हतं. पण ते सगळं होतंच, हे मलाही दिसायला लागलं. ज्या शाळेत मी शिकलो तिथं कविता म्हणजे तात्पर्य. कवितेनं काय बोध दिला ते पाच ओळींत लिहा. इथं कुणी काहीच शिकवत नव्हतं. मावशीला नेमकं तेच आवडलं होतं. "आपल्याला जो तो शिकवाया बसलाय," ती म्हणाली. "हे लोक नुसतं दाखवतेत आन सरकतेत बाजूला."

बर्फाचं एक होतं. ते तिनं मला चार दिवस ओळीनं ऐकवलं.

बर्फ झाडत झाडत
शेजारणीच्या दारापर्यंत
आलेच आहे

बर्फ तिनं कुल्फीच्या गाडीवरचा तेवढाच पाहिलेला. दारात पडलेला बर्फ झाडायचा म्हणजे काय, हे तिनं जिनिंगच्या अंगणात उडणाऱ्या सरकीच्या कापसावरून ताडलं होतं. पण खरी गोष्ट तिला बरोबर कळली होती. "हिचं आन शेजारनीचं भांडन असनार. बोलनं बंद. आता झाडून ऱ्हायली तर एकेक हात करत दारापोतर आली. आता काय करंल? माघारी फिरंल का हाक मारंल?" ती माझ्याकडे असं बघत होती की जणू मला ती बाई ठाऊक आहे. मी म्हटलं, हाक मारेल. ती म्हणाली, "मला बी तसंच वाटतंय, पर लिवलं न्हाई ते बरं झालं."

पुस्तक ती कपाटात ठेवायची नाही, कारण वाळवी पुरती गेली नव्हती. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून माठावरच्या कोनाड्यात ठेवायची. तिथं ओल नाही आणि किडाही नाही. बाराशे पुस्तकांतलं हे एकच पुस्तक त्या वाचनालयात नीट सांभाळलं जात होतं, हे ध्यानात ठेवा.

फेब्रुवारीत वाचनालयाची सरकारी तपासणी लागली. गावाबाहेर हळद शिजवायचे कुकर पेटलेले, सगळ्या गावाला हळदीचा वास, माणसं शेतात. वाचनालयात कुणी फिरकत नव्हतं आणि तपासणीत तर वाचक दाखवायचे असतात. वाचक दाखवले तर अनुदान आणि दर्जा टिकतो. म्हणून दरवर्षी होतं तेच झालं. शिवशंकर हिंगोलीहून तीन दिवस मुक्कामाला आला आणि देवघेवीचं रजिस्टर भरायला बसला. कुणी कोणतं पुस्तक नेलं, कधी परत केलं, वर्षभराचं सगळं तीन दिवसांत. निळा पेन, काळा पेन, मधेच हिरवा, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं वाटावं.

आता माणूस म्हटला की कंटाळतो. लांबलचक नावाची पुस्तकं पुन्हा पुन्हा कोण लिहिणार? यादीत त्याला एक छोटंसं नाव सापडलं. हायकू. लिहायला सोपं, हात दुखत नाही. पठ्ठ्यानं ते एकेचाळीस वेळा लिहिलं. त्यातलं चौदा वेळा माझ्या नावावर.

सह्या माझ्याच आहेत. खोटं कशाला बोलू? तो रजिस्टर घेऊन दुकानात आला, म्हणाला, "हरीशभाऊ, जरा सह्या ठोका," आणि मी हातातली तार न सोडता चौदा सह्या ठोकल्या. काय नेलं, कधी नेलं, वाचायची तसदी घेतली नाही. गावात सगळेच ठोकतात. यात काही वाईट आहे असं मला त्या दिवशी वाटलं असतं तर आज एवढं बोलत बसायची वेळ आली नसती.

तपासणीच्या दिवशी दहा-बारा जणांना पकडून खुर्च्यांवर बसवलं. मी धुतलेला शर्ट घालून पहिल्या रांगेत. दाराबाहेर चपला कमी दिसतात म्हणून सोनाजीरावांनी शेजारच्या घरातून चार जोड आणवून ठेवले. मावशीला चहाच्या कामाला लावलं.

तपासणीचे साहेब आले. माणूस भला होता, पुस्तकांत रमणारा. त्यांच्यावर माझा काही राग नाही. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि चाळता चाळता त्यांचा चेहरा फुलला.

"अहो, तुमच्या गावात हायकू एवढे वाचतात? मी सगळा जिल्हा फिरतो, असं कुठं पाहिलं नाही. आणि हे हरीश कोण? चौदा वेळा नेलंय. परवाच नेलंय पुन्हा."

शिवशंकर कपाटाकडे बघायला लागला. त्या पुस्तकात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो.

"एखादा आठवतो का?" साहेबांनी विचारलं.

आठवत होता. मी शेजारणीच्या दाराचा म्हणून दाखवला. साहेब म्हणाले, "वा!" मग मला काय झालं कोण जाणे. मी पुढं बोलत गेलो. दोघींचं भांडण असणार, आता ती हाक मारेल की माघारी फिरेल, आणि कवीनं ते लिहिलं नाही हेच बरं. मावशीचा शब्द न् शब्द, फक्त न्हाईचं नाही करून. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मावशी दारात दोन्ही हातांत ट्रे धरून उभी होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

"पुस्तक कुठंय आता?"

"घरी आहे, साहेब," मी म्हणालो.

मग साहेब पाणी प्यायला माठाकडे गेले. मावशी ट्रे घेऊन दारात अडकलेली, म्हणून त्यांनी स्वतःच पेल्यासाठी कोनाड्यात हात घातला आणि हाताला फडकं लागलं. त्यांनी ते सोडलं. शिक्का पाहिला, नंबर पाहिला.

"हे तर इथंच आहे!"

 मावशीच बोलली. "ते म्या ठिवलंय, साहेब. मी वाचते ते."

एवढं सरळ उत्तर त्या खोलीत त्या दिवशी दुसऱ्या कुणीही दिलं नव्हतं. पण ते खरं धरलं तर रजिस्टर खोटं ठरत होतं. शिवशंकरला ते माझ्याआधी कळलं. तो पटकन म्हणाला, "साहेब, ही झाडायला येते. समोरच्या हरीशभाऊकडून उचललं असंल हिनं. काय हो, हरीशभाऊ?"

सोनाजीराव हसून म्हणाले, "साहेब, तिला कुठलं वाचता येतंय! तुम्ही चहा घ्या." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पुढच्या गावी जायची घाई होती.

आणि मी मान हलवली. होय म्हणून.

मावशीनं ट्रे टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. पायात चपला घातल्या आणि गेली.

साहेबांनी शेरा मारला तो सगळ्या गावानं वाचला. ‘वाचक श्री. हरीश यांची काव्याची जाण उल्लेखनीय आहे. सफाई करणाऱ्या महिलेकडून पुस्तक परस्पर उचलले गेल्याचे दिसते. खुलासा सादर करावा.’ मला दोन-तीन जणांनी फोन करून अभिनंदन केलं. मी ते ऐकून घेतलं.

चार दिवसांनी शिवशंकर एक टाइप केलेला कागद घेऊन मावशीकडे निघाला आणि साक्षीला मला सोबत घेऊन गेला. कागदावर होतं, ‘मी सदर पुस्तक न विचारता नेले, त्याबद्दल माफी असावी.’ सही केली की बंद केलेलं काम परत मिळणार, वाचनालयाचा दर्जा राहणार, कुणाला तकलीफ नाही. मावशी ओट्यावर गहू निवडत होती. कागद घेतला, सगळा वाचला, खालची तारीखसुद्धा.

"नेलं कुठं मी? कपाटातलं कोनाड्यात ठिवलं, वाळवी खाऊन ऱ्हायली म्हनून. नेलं हे खोडा. तिथं वाचलं असं लिवा. मंग सही करते."

"तसं कसं लिहिता येईल, मावशी?" शिवशंकर म्हणाला. "मग रजिस्टरचं काय?"

"रजिस्टर तुमचं हाय. सही माझी हाय."

माझ्याकडे न बघता ती पुन्हा गहू निवडायला लागली. परत येताना शिवशंकर तिला शिव्या देत होता, डोकं फिरलंय म्हणत होता, आणि मी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून ऐकत होतो. उतरलो का नाही मी तिथंच? पाय नव्हते मला?

मग आठवडाभर काही नाही. होळीच्या आधी सोनाजीराव स्वतः दुकानात आले, खुशीत होते. म्हणाले, "मिटवलं बघ प्रकरण. बाईमाणूस आहे, चोरीचा डाग कशाला ठेवायचा?" आणि खुलाशाची प्रत माझ्यापुढं धरली. ‘सदर महिला निरक्षर असून तिने पुस्तक रद्दी समजून अनवधानाने उचलले. तिचा कोणताही गैरहेतू नव्हता.’ खाली मावशीचं पूर्ण नाव आणि त्याच्यापुढं निळ्या शाईत अंगठा. तो कुणाचा हे मी विचारलं नाही. आपण उपकार केले अशा थाटात ते उभे होते. आणि खरं सांगतो, पहिल्या क्षणाला मलाही बरं वाटलं. चला, सुटलो.

प्रत मागून घेतली आणि तिला दाखवायला गेलो. म्हटलं, निदान चोरीचं तरी गेलं, हे सांगू. तिनं ओट्यावरच वाचलं. वाचून झालं तरी कागद खाली ठेवेना.

"माझा बाप जळबा," ती म्हणाली, "चाळीस वर्साचा असताना सही शिकला. कशापाई? तर अंगठा द्यायचा न्हाई म्हनून. दुसऱ्याच्या रानातून आला की मातीत बोटानं गिरवायचा. मरायच्या आदी दवाखान्यात बी त्यानं सहीच केली. आन माझ्या नावाफुडं ह्यायनी कोनाचा अंगठा लावला?"

मी कागद घ्यायला हात पुढं केला, तिनं तो सोडला नाही.

"चोर म्हनले ते परवडलं असतं, हरीशभाऊ. पुस्तक चोरणाऱ्या बाईला वाचता येतंय, एवडं तरी कागदावर ऱ्हायलं असतं. तुमी मान हलवली तवा मला वाईट वाटलं. पर हे वाचून मी जळून ऱ्हायले."

आणि तेव्हा कुठं मला राग आला. इतक्या दिवसांनी, इतकं सगळं झाल्यावर, फुकटचा. जिनं आमच्या गावात एक पुस्तक खरोखर वाचलं, ती कागदावर निरक्षर, आणि चौदा सह्या ठोकणारा मी काव्याचा जाणकार! मी तिथंच, तिच्या ओट्यावर बसून कोरा कागद मागितला आणि साहेबांच्या नावानं लिहिलं की हायकूचं पुस्तक मी एकदाही नेलेलं नाही, एकदाही उघडलेलं नाही, माझ्या चौदाही सह्या खोट्या, एकाच दिवशी ठोकलेल्या आहेत आणि तपासणीत बोललो ते सगळं पंचफुलाबाईचं होतं. सही केली. आता सोनाजीराव माझ्याशी बोलत नाहीत. गावाचं अनुदान तू बुडवणार, असं चार जण तोंडावर म्हणाले. म्हणू देत.

माझा कागद तिनं वाचला आणि बाजूला ठेवला. माफ केलं असं काही म्हणाली नाही. "तुमचं तुमी लिवलं, बरं केलं," एवढंच. "आता पेन इकडं द्या."

तिनं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. अक्षर शाळेतल्यासारखं, गोल, एकेक शब्द सुटा. मला मदत करू दिली नाही, वेलांटीसुद्धा विचारली नाही. दुपारी पुसेगावच्या पोस्टातून आम्ही तो आणि माझा कागद साहेबांना रजिस्टर पोस्टानं पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. पुस्तक कपाटात आहे, कुलपात, वाळवीच्या तोंडी. पण त्या अर्जाचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे आणि तो जसाच्या तसा इथं देतो.

‘साहेब, मी पंचफुला रविंद्र पाईकराव. मला लिहिता वाचता येते. कागदावरचा अंगठा माझा नाही, तो खोडावा. तुम्ही कधीही या, सांगून नाही आले तरी चालेल. बाराशे पुस्तकांतले तुम्ही काढाल ते मी वाचून दाखवते. मग सोनाजीराव आणि शिवशंकर यांनाही वाचायला सांगावे.’